हुशार आहे म्हणायचा सराव

एका मोठ्या लॉ फर्मच्या परीक्षेत मी स्वतःला दहापैकी दोन मार्क दिले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. संगणकावर वाक्यं येत होती. 'माझे निर्णय बहुतेक वेळा बरोबर ठरतात.' 'गटात मी पुढाकार घेते.' 'कठीण काम सोपवलं तर मी ते पार पाडते.' प्रत्येक वाक्याखाली एक ते दहा आकडे, आणि ते वाक्य आपल्याला कितपत लागू पडतं तो आकडा दाबायचा. मी आपली चांगल्या घरातल्या बाईसारखी दोन, दोन, तीन, दोन दाबत गेले. पुढाकाराला तर एकच. मनात म्हटलं, वाचणारा म्हणेल, बाई किती विनयशील! वाचणारा कुणी नव्हताच. यंत्र होतं, आणि त्याच्यावर असले संस्कार कुणी केलेले नव्हते. माझा चहा निवायच्या आत ईमेल आली. अर्जाबद्दल आभार, परंतु खेद वाटतो.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. वयच अल्लड. आता त्या पोरीकडे मागे वळून पाहिलं की हसू येतं. हैदराबादेत आम्ही अशा बावळटांना हौला म्हणतो. ही तर पदवीधर हौली.

ती लॉ फर्मच्या वाटेला गेलीच कशी, ते सांगायला हवं. आमचं घराणं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली आणि सरकारी नोकरी करत आलेलं. वकिली पुरुषांची, नोकरी उरलेल्यांची. मला कायदा शिकायचा होता तेव्हा वडील म्हणाले, "घरात वाद घालणारे पुष्कळ झाले, आता पगार आणणारं कुणीतरी हवं." मी हिशेब खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. निवृत्तीचा हार सुकला आणि मी कायद्याच्या तीन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर मुलं उभी राहिली. मॅडम आल्या असं वाटलं त्यांना. आणि मी, मूर्ख, "बसा बसा" म्हणाले.

शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करावीच लागते. वकिलाकडे किंवा फर्ममध्ये काम शिकायचं, तसा दाखला आणायचा, मगच पदवी. माझा एक पुतण्या कोर्टात वकील आहे. तो म्हणाला, "काकू, या वयात कशाला दगदग? माझ्या लेटरहेडवर लिहून देतो तुम्ही आलात म्हणून. तुम्ही घरी आराम करा."

"आणि शिकायचं काय? तुझी सही कशी असते ते?"

"अहो, सगळेच करतात असं."

"सगळे करोत. मी उभा जन्म लोकांच्या खोट्या बिलांवर लाल शेरे मारले. आता स्वतःच्याच दाखल्यावर मारू?"

पण खरी गोष्ट त्याहून साधी होती. मला फर्म बघायचीच होती. दोन बाजू एका टेबलाशी बसून करार कसा घडवतात, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. ते एकदा पाहायला मिळालं नसतं तर ती पदवी मी फ्रेम करून भिंतीवर लावली असती आणि रोज तिच्याकडे पाहून चरफडले असते.

म्हणून अर्ज. आणि म्हणून ते दोन मार्क.

अंबरपेठेत मुलगा, सून आणि नात माझ्याबरोबर राहतात. मुलगा-सून आयटीत, म्हणजे घरात असून नसल्यासारखी. नात तेव्हा कॉलेजात नुकती गेली होती. तिला ईमेल दाखवली. तिने मी दिलेली उत्तरं विचारली आणि कपाळाला हात लावला.

"आजी, तू पुढाकाराला वन दिलास? सीरियसली? या घरात गॅस सिलेंडर कधी बदलायचा ते तू ठरवतेस, पप्पांनी कोणता शर्ट घालायचा ते तू ठरवतेस!"

"ते वेगळं. आपल्या तोंडाने आपलं कसं सांगायचं?"

"मग कोणाच्या तोंडाने? यंत्र काय शेजारच्या काकूंना फोन करून विचारणार आहे?"

तिथून माझी तालीम सुरू झाली. आधी मी दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासमध्ये चौकशीला गेले. काउंटरवरचा म्हणाला, "आंटी, बच्चे को लेके आना, डेमो क्लास फ्री है." मी म्हटलं, "बच्ची मैंच हूं." त्याने सरांना बोलावलं, सरांनी पाणी दिलं आणि मला खुर्चीत बसवून घरी जायचा सल्ला दिला. मग सुलतान बाजारातून जुनी सराव पुस्तकं आणली आणि नातीलाच गुरू केलं.

एक भाग तर्काचा होता. दोन वाक्यं द्यायची आणि विचारायचं, यावरून हा निष्कर्ष निघतो का? वाक्यात जेवढं आहे तेवढंच खरं मानायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. जिने सासुरवास काढला आहे तिला हे फार जड जातं. सासूबाई 'भाजी छान झाली' म्हणाल्या, यावरून भाजी छान झाली असा निष्कर्ष निघत नाही, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. नात म्हणायची, "आजी, इथे सासूबाई नाहीत." मी म्हणायचे, "पुस्तक कुणी लिहिलंय बघ, असतील."

दुसरा भाग प्रसंगांचा. 'वरिष्ठांच्या मसुद्यात तुम्हाला चूक दिसली. मसुदा लगेच क्लायंटकडे जायचा आहे. सर्वात योग्य आणि सर्वात अयोग्य कृती निवडा.' मी क्षणाचाही विचार न करता 'गप्प राहणे' याला सर्वात योग्य ठरवलं. सरकारी खात्यात साहेब चुकत नसतात, फाईल चुकते. नातीने उत्तरं पाहिली.

"गप्प राहणं हे वर्स्ट आहे गं आजी. मागे छापलंय."

"म्हणजे मी इतकी वर्षं वर्स्ट करत होते?"

"हो," ती म्हणाली, आणि खाकरा तोंडात टाकला. इतक्या शांतपणे माझ्या नोकरीचा निकाल कुणीच लावला नव्हता.

सगळ्यात वाईट होती ती व्हिडिओ मुलाखत. समोर माणूस नाही. पडद्यावर प्रश्न येतो, थोडा वेळ विचाराला आणि मग आपण आपल्याच चेहऱ्याशी बोलायचं. 'तुम्ही एखाद्या गटाचं नेतृत्व केलं तो प्रसंग सांगा.' खात्यात एकदा जुन्या थकलेल्या पेन्शनच्या फायली मी सगळ्यांना कामाला लावून निकालात काढल्या होत्या. तेच सांगायला लागले. साहेबांनी फार सहकार्य केलं, शिपायाने कपाटं हलवली, टायपिस्ट बाई फार गुणी, घरच्यांचा पाठिंबा होता... वेळ संपली.

नात म्हणाली, "तू सगळ्या ऑफिसचा सत्कार केलास. फायली कोणी काढल्या?"

"अगं, मीच की."

"मग हे व्हिडिओत कधी सांगणार?"

मग तिने देवघरातली घंटा आणली. मी स्वतःला कमी लेखलं, 'तसं काही विशेष नाही' म्हटलं, की ती घंटा वाजवायची. पहिले काही दिवस घरात आरतीच चालली होती. समोरच्या तेलुगू बाईंनी जिन्यात अडवून विचारलं, "आंटीगारु, रोज कसली पूजा?" मी म्हटलं, "अहंकाराची." त्यांनी भक्तिभावाने प्रसाद मागितला. मी खाकरा दिला.

हळूहळू घंटा कमी झाली. एका संध्याकाळी आख्खं उत्तर घंटेविना गेलं आणि नातीने पडद्याकडे पाहत नुसतं "ओके, आजी" म्हटलं. त्या पोरीच्या तोंडचं 'ओके' म्हणजे सुवर्णपदक.

दुसऱ्या फर्मची ऑनलाइन परीक्षा पार पडली आणि प्रत्यक्ष बोलावणं आलं. गच्चीबावलीकडे काचेची इमारत. दोन जागा, आणि अखेरच्या फेरीला आम्ही चौघं. मी सोडून सगळी माझ्या नातीच्या आसपासची. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या एका मुलाने अदबीने विचारलं, "आंटी, आप किसके साथ आए?"

"मेरेच साथ," मी म्हटलं. तो लाजला. चांगला होता बिचारा.

चौघांना मिळून एक प्रकरण दिलं. एका क्लायंटला चालता कोचिंग क्लास विकत घ्यायचा आहे, कागद वाचा आणि सगळ्यांनी मिळून सल्ला द्या. कोपऱ्यात दोन परीक्षक गप्प बसून लिहीत होते. पांढऱ्या शर्टाने सूत्रं हातात घेतली. सुंदर बोलत होता, फळ्यावर मुद्दे लिहीत होता. किंमत कमी आहे, विद्यार्थी भरपूर आहेत, लगेच घ्यावा. एक जण मान डोलावत होता. मी कागद उलटत होते आणि मागे जोडलेल्या भाडेकरारात मला एक कलम दिसलं. इमारत भाड्याची. क्लासचा मालक बदलला तर करार संपला, घरमालकाने लेखी संमती दिली तरच चालू राहील. म्हणजे संमती नसली तर आमच्या क्लायंटने बाकं आणि फळे विकत घेतले असते.

माझ्या शेजारच्या मुलीच्या कागदावर त्याच कलमाखाली पेन्सिलची रेघ होती.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, मग दोघींनी पांढऱ्या शर्टाकडे. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. माझ्याही मनात आलं, किती छान बोलतोय मुलगा, कशाला मध्ये तोंड घालायचं, त्यानेही पाहिलंच असेल. आणि मग तिचा तो चेहरा पुन्हा दिसला. ओठ मिटलेले, शहाण्यासारखा. तो चेहरा मी ओळखत होते. आरशात पाहिलेला.

"थांबा," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "मी मागचा भाडेकरार वाचला आहे. आपला सल्ला चुकतो आहे."

"आंटी, टाइम खलास हो रा."

"मैं भी खलास हो रयूं बेटा, फिर भी सुनो."

कोपऱ्यातला एक परीक्षक खोकला. हसू दाबत असावा. मी कलम वाचून दाखवलं, त्याचा अर्थ सांगितला, आणि मग मुलीकडे वळले. "हिनेही हेच टिपलं आहे. आता क्लायंटने काय करायचं ते ही सांगेल."

तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मग बोलली. आधी पुटपुटत, मग नीट. घरमालकाची संमती हातात येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, ही अटच करारात घालायची. पांढऱ्या शर्टाने आपला मुद्दा स्वतःच पुसला आणि तिचा लिहिला. हेही सोपं नसतं.

नंतर एकेकाची मुलाखत. फर्मच्या भागीदार बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "इथे कधी कधी फार उशिरापर्यंत थांबावं लागतं. जमेल?"

"झोप तशीही येत नाही. इथे जागले तर दाखला तरी मिळेल."

त्या हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. "बाकीचे तीन उत्तम कॉलेजांतले आहेत. तुम्हालाच का घ्यावं?"

घरी आरती झाली असती असा प्रश्न. मी पदर सारखा केला. म्हणाले, "कारण मी या कामात हुशार आहे. कागद शेवटपर्यंत वाचते, आणि त्यात जे सापडतं ते आता मोठ्याने सांगते. पहिलं मला नेहमीच यायचं. दुसरं नवीन शिकलेय, म्हणून अजून हौस आहे."

बोलून झालं आणि छत कोसळलं नाही. वरून आजोबा-पणजोबांपैकी कुणी 'पुरे आता' म्हणालं नाही. बाईंनी काहीतरी लिहिलं.

बाहेर आम्ही चौघं कॉफी घेऊन बसलो. शेवटी एक तरुणी कागद घेऊन आली आणि तिने दोन नावं वाचली. पहिलं त्या पेन्सिलवाल्या मुलीचं. ती रडायलाच लागली. दुसरं माझं.

मी नातीला फोन लावला आणि भाडेकरारापासूनच सांगायला सुरुवात केली. ती पलीकडून ओरडत होती, "आजी, मिळालं का नाही, एवढंच सांग!" मी म्हटलं, "मिळालं! मी मिळवलं!" आणि त्या काचेच्या इमारतीतले दोन-तीन सूटवाले वळून पाहू लागले. पाहू देत.

लिफ्टशी पांढरा शर्ट उभा होता. त्याने दार हाताने धरून ठेवलं, मला आधी आत जाऊ दिलं, आणि म्हणाला, "आंटी, अब आगे कां-कां अप्लाय कर रैं, पैलेच बोल देना. मैं उदर फॉर्म नै भरतूं."