मामाचा सपाट रस्ता

माझा मामा सायकलला सायकल म्हणत नाही. भाजी आणायला निघाला तरी "गाडी काढतो" आणि परत आला की दारातूनच "गाडी लावली". जन्मभर बस चालवली, ती सुटली, पण जीभ काही स्टिअरिंग सोडायला तयार नाही. वळणावर रस्त्याच्या पार मधोमध जाऊन ऐसपैस वळतो, मागे बसभर माणसं बसल्यासारखा. आरसा असायचा तिथे हवेत बघतो. थांबायचं असलं की डावा पाय दाबतो. तिथे क्लच नसतो, पायडल असतं, त्यामुळे सायकल थांबायच्या ऐवजी पळते आणि मामा तिच्यावरच ओरडतो, "अगं ए!"

गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यात राहून आला आणि घरात त्याचं वय एकदम कमी झालं. जिना उतरायचा तर मामी मागे. फिरायला जायचं तर मी बरोबर, कारण मी शिकायला त्यांच्याकडेच राहते. सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमची कडी. आत चक्कर येऊन पडला तर दार तोडत बसायचं का, म्हणून कडी लावायची नाही असा मामीचा हुकूम. दार नुसतं लोटलेलं आणि बाहेरून थोड्या थोड्या वेळाने,

"अहो?"

"आहे."

"बरं." मग पातेल्यांचा आवाज, आणि पुन्हा, "अहो?"

"अगं आहे! जाणार कुठे, खिडकीतून?"

डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, चांगलंच आहे. मामाने ते वाक्य उचललं आणि रोज थोडं थोडं ताणत नेलं. आधी कोपऱ्यावरचं दुकान, मग नदीवरचा पूल, मग पलीकडचं गाव. आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "माझ्या जुन्या रूटवर जाऊन येतो. डेपो ते शेवटचा थांबा. रात्री तिथल्या विश्रामगृहात झोपतो, दुसऱ्या दिवशी परत. एकटा."

त्या रूटवरची बस केव्हाच बंद झाली आहे. डोंगर चढून वर गेलं की माणसापेक्षा दगड जास्त, असा मुलूख. मामीचं माहेर तिकडचंच, वरच्या पट्ट्यातली एक वस्ती. मामी टॉवेलांच्या घड्या घालत होती. एक घडी झाली, दुसरी झाली.

"जा," ती म्हणाली. "पण शेवटच्या थांब्यावर दिवे लागायच्या आत पोहोचायचं. मध्ये कुणाला न्यायला बोलवावं लागलं, नाहीतर दिवे लागून गेले, तर सायकल जिन्याखाली. परत एकट्याने कुठे जायचं नाव नाही. आणि कडीचंही नाव नाही."

"आणि पोहोचलो तर?"

"तर लावा कडी."

"अगं, मग झालंच की! घाट तेवढा काय तो त्रासाचा. वरचा सगळा पट्टा तर सपाट आहे, टेबलासारखा!"

मामीने तिसऱ्या टॉवेलची घडी घातली. "तुम्ही म्हणता तर सपाट," ती म्हणाली.

निघायच्या सकाळी मामाने कॅरिअरवर पिशवी बांधली, ट्यूब, पंप, पाव, उकडलेली अंडी, केळी, औषधाची डबी. मग सवयीप्रमाणे टायरला बुटाने लाथ घातली. बसचं टायर लाथ खाऊन नुसतं 'ढप्प' म्हणायचं. सायकल आडवी झाली. केळी खाली, अंडी खाली. मामी दारात उभी होती, एक शब्द बोलली नाही. तिची ती न बोलायची पद्धत माणसाला फार बोलते.

पुढचं सगळं मामाने सांगितलं तसं. तो सांगताना इंजिनाचे आवाजही काढतो, ते इथे वाचणाऱ्याने आपापले घालून घ्यावेत.

घाटाची त्याने तयारी केली होती. खालचा गियर, सावकाश दम, जिथे फारच झालं तिथे उतरून ढकलायचं, लाज नाही. जुन्या थांब्यांवर तो थांबायचा. कुणी नसायचं. छपराचे पत्रे उडालेले, बाकावर गवत. तरी थांबायचा, मागे बघायचा आणि मगच निघायचा. एका थांब्यावर एक कुत्रं मागे लागलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत आलं. "दिवसभरातला एकच प्रवासी," मामा म्हणाला, "तोही विनातिकीट."

घाट संपतो तिथे एक कॅन्टीन होतं. बस तिथे थांबायची, प्रवासी उतरून खायचे, आणि ड्रायव्हरला सगळ्यात आधी गरम चहा. मामाने दुपारच्या खाण्याचा सगळा हिशेब त्या कॅन्टीनवर धरलेला. आणि बस बंद झाली तर कॅन्टीन कसं चालेल, हे घरून निघताना काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. टेबलं उलटी रचलेली, शटर अर्धं गंजलेलं. मागच्या खोलीतून कॅन्टीनवाली बाहेर आली, हाताला पीठ.

"रस्ता चुकलात का?"

"मी चुकेन? या रस्त्यावर?" मामा म्हणाला. "ओळखलं नाही मला?"

तिने वरून खाली पाहिलं. "नाही बाई."

रोज चहा देणाऱ्या बाईने ओळखू नये, हे मामाला लागलं. मग त्याने तोंडाने हॉर्न वाजवला. दोन छोटे, एक लांब. पों पों, पोंsss.

"अगं बाई! तुम्ही होय!" ती हसत सुटली. "इतकी वर्षं तुम्हाला काचेच्या आतच बघितलं हो. पाय आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं."

तिने चहा केला, खायला दिलं आणि बाटल्या भरताना म्हणाली, "पाणी जास्त घ्या. पुढे चढ आहे."

"चढ? घाट तर संपला. पुढे सपाट आहे."

कॅन्टीनवालीने झाकण घट्ट लावलं. "तुम्ही म्हणता तर सपाट," ती म्हणाली. हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय, असं मामाला वाटलं, पण कुठे ते आठवलं नाही.

वरचा पट्टा म्हणजे सरळ रेघ. दोन्ही बाजूंना खुरटं गवत, लांबवर एखादी वस्ती, बाकी आभाळ. इथे मामा टॉप गियर टाकायचा, शीळ घालायचा आणि एका हाताने शेंगा खायचा. आता त्याने शीळ सुरू केली, ती दुसऱ्या ओळीला तुटली. सायकल जाईना. पाय फिरत होते, रस्ता सरकत नव्हता. ब्रेक घासतोय असं वाटलं म्हणून उतरून चाक उचललं, फिरवलं, तर ते भिरभिर फिरलं. टायर दाबून पाहिलं, टणक. चेनला तेल. वारासुद्धा मागचा.

गाडीत काही बिघाड नाही म्हणजे बिघाड कुठे, हे कळायला मेकॅनिक लागत नाही. मामा रस्त्याच्या कडेला बसला, हात छातीवर. दुखत नव्हतं. पण दुखेल, असं वाटत होतं. फोन काढला. हातात धरून बसला. मामीचा आवाज त्याला आधीच ऐकू येत होता: "अहो?"

पाणी प्यावं म्हणून त्याने बाटली काढली. ती हातातून निसटली, आडवी पडली आणि निघाली. आधी हळू, मग गडगडत, तो ज्या दिशेने आला होता त्या दिशेला, अगदी मन लावून.

मामा बघतच राहिला. उठून तिच्यामागे धावला, उचलली, रस्त्याच्या मधोमध पुन्हा आडवी ठेवली. पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा तो हसायला लागला. एवढ्या मोठ्या माळावर एक म्हातारा बाटली सोडतोय आणि पकडतोय, बघायला कुणी नाही.

"अगं, चढ होता तो," मला सांगताना तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून चढच होता. माझ्या बसच्या इंजिनाला कळला नाही, म्हणून मला कळला नाही."

आणि मग त्याला त्या रस्त्यावरून चालणारी माणसं आठवली. डोक्यावर ओझं, पुढे वाकलेली. तो खिडकीतून ओरडायचा, "सपाटावर काय वाकून चालता, झोपलात का?" बसमधले हसायचे. चालणारे काही बोलायचे नाहीत. मान वर करायलासुद्धा दम लागतो, हे त्याला आता कळलं. त्यानंतर त्याने शीळ घातली नाही. सर्वांत खालचा गियर टाकला आणि वाकला.

थोडं चालवायचं, थोडं ढकलायचं. उन्हं कलली. तेवढ्यात मागून सिलिंडरचा खडखडाट करत एक पिकअप आली आणि शेजारी थांबली. आत घंटी. म्हणजे मामाचा जुना कंडक्टर, दोर ओढून घंटा वाजवायचा म्हणून घंटी. आता तो या वस्त्यांवर गॅस पोहोचवतो.

"उस्ताद! इकडे कुठे? सायकल टाका मागे, बसा पुढे. पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे!"

"नको रे."

"अहो दिवे लागायच्या आत सोडतो. शेवटच्या वळणावर उतरवतो. तिथून ऐटीत सायकलवर जा. वहिनींना कोण सांगतंय?"

मामाने आत डोकावलं. पिकअपच्या सीटवर गादी होती. पाण्याचा थर्मास होता. सूर्य डोंगरावर टेकला होता.

"तू सांगशील," मामा म्हणाला. "तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का? तपासनीस येतोय हेसुद्धा तू सगळ्या बसला सांगायचास."

"शपथ, नाही सांगणार!"

"नाही सांगितलंस तर आणखी वाईट," मामा म्हणाला. "मग कडी लावून आत बसेन आणि मला एकट्यालाच माहीत असेल."

घंटीला कडीचं काही कळलं नाही. पण इतकी वर्षं या माणसाच्या मागे उभं राहून त्याला एक कळत होतं, की ही मान अशी ताठ झाली की बोलून उपयोग नाही. त्याने हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. टण टण.

दोन म्हणजे चला. मामाचा पाय आपोआप पायडलवर गेला.

संध्याकाळ झाली. मी आणि मामी स्वयंपाकघरात. आमच्या रस्त्यावरचे दिवे लागले तशी मामी खिडकीशी गेली आणि परत आली. मध्ये एक फोन आला होता, त्यावर ती फक्त "बरं" आणि "त्यांना हाक मारू नकोस" एवढंच बोलली. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण तिच्या हाताला कणीक होती.

"पोहोचलो," मामा. आवाज पार खरवडलेला.

"दिवे?"

"लागले. मी यायच्या केव्हाच आधी."

मामी कणीक मळत राहिली.

"आणि ऐक. तो पट्टा सपाट नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"लहानपणी रोज शाळेला चालत जायचे त्यावरून. तुमची बस पुढे सुरू झाली, ती धूळ उडवत जायची अंगावर."

"मग बोलली का नाहीस?"

"लग्न झाल्यापासून सपाट सपाट ऐकतेय. कुणी विचारलं का मला?" मग मामीचा आवाज थोडा खाली आला. "आणि खरं सांगू? वाटलं होतं, अर्ध्यातून परत याल. म्हणजे मिटलं."

"लबाड!"

"आहेच. तुम्हाला मेली लबाडीसुद्धा जमत नाही. घंटीचा फोन आला होता. म्हणाला, वहिनी, उस्ताद गाडीत चढत नाहीत."

मामा हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. "म्हणजे सायकल जिन्याखाली."

मामीने हात धुतले. नळ बंद केला. "औषध घेतलं का? घ्या आणि झोपा. उद्या गाडी सावकाश आणा," ती म्हणाली. 'गाडी' म्हणाली. "येताना तो पट्टा उतार लागेल. ब्रेक बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आला, धुळीने पांढरा, पाय धनुष्यासारखे. "गाडी लावली," म्हणाला आणि थेट बाथरूममध्ये गेला. मामी आणि मी हातातलं काम तसंच धरून बसलो. आतून कडी सरकली, खट्ट.

मामीचं तोंड उघडलं. 'अहो'तला 'अ' मी ओठांवर बघितला. तो तिने गिळला.

"टॉवेल बाहेरच राहिलाय त्याचा," मी म्हटलं. "देऊ?"

"राहू दे," मामी म्हणाली आणि पातेलं उगाच जोरात आपटलं. "लागला की मारतील हाक."

पाण्याचा आवाज बराच वेळ चालू राहिला. कुणीतरी आत शीळ घालत होतं. मग शीळ थांबली, पाणी थांबलं.

"अगं!" आतून. "अगं, टॉवेल!"