सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे आणि ते काही कौतुकानं नव्हे. सहा वर्षांची असल्यापासून हिला दुसऱ्याचं चुकलेलं तेवढं बरोबर दिसायचं. किराणावाल्यानं पाटीवर मिरचीची वेलांटी विसरली, की ही खडू घेऊन हजर. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. पुस्तकं पाठ, तीसुद्धा पान नंबरासकट. पुढे तिनं डी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा शेजारची काकू म्हणाली, आता हिला लोकांच्या चुका काढायचा रीतसर परवाना मिळणार.

घरात दोघंच, ती आणि तिचे बाबा. आई जाऊन सात वर्षं झाली होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चौकात औषधांच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरीवजा जागा होती, एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं बाहेर उभंच राहायचं. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी केसाएवढे स्क्रू बसवले. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणायचे, "घड्याळ माझ्याकडे आहे, वेळ तुमच्याकडे आहे, बसा जरा." बसायला जागा नसायची ही गोष्ट वेगळी.

मग त्या उजव्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने भिंगाला हात लावायचा नाही. बाबा शहाण्या मुलासारखे काळा चष्मा लावून घरी बसले आणि दुकान उघडायचा दिवस मोजायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात दुपारी पाठ टेकली नव्हती, तो आता शिटी वाजेपर्यंत कुकरकडे बघत बसायचा.

इकडे कॉलेजात विज्ञानाच्या मॅडम भलत्याच निघाल्या. पुस्तक उघडायच्याच नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातात एक सेल, एक वायरचा तुकडा आणि एक बल्ब ठेवला आणि म्हणाल्या, पेटवा. मास्तरिणीला विद्युत परिपथाची व्याख्या तोंडपाठ होती, पण तिचा बल्ब काही पेटेना. शेजारच्या बाकावरच्या जाड चष्मेवालीनं, जी जेमतेम पास होऊन आली होती, दोन मिनिटांत पेटवला. मास्तरिणीला हे अजिबात रुचलं नाही. हा काय पोरखेळ, असं तिचं मत झालं.

मग मॅडमनी चंद्र दिला. सलग अठ्ठावीस दिवस रोज चंद्र शोधायचा. किती वाजता दिसला, कुठल्या दिशेला, केवढा, हे लिहायचं. नाही दिसला तर नाही दिसला असं लिहायचं. "पुस्तकात बघायचं नाही, आभाळात बघायचं," मॅडम म्हणाल्या.

ही चार दिवस गच्चीवर गेली. पाचव्या दिवशी मानसशास्त्राची चाचणी जाहीर झाली, आणि चंद्रापेक्षा मार्क जवळचे. बाबा म्हणाले, "मी बघतो की. मला दुसरा उद्योग काय आहे?"

आणि त्यांनी तो उद्योग घड्याळजीच्या रीतीनं केला. दुरुस्तीच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर तारीख, मिनिटासकट वेळ, दिशा, आकार. गुडघे दुखायचे तरी कठडा धरून तीन जिने चढायचे. वर जाऊन आले की पोरीला सांगायचे, "आज सापडला बरं का." ती पुस्तकातून डोकं न काढता "हं" म्हणायची. नवीन डोळ्यानं त्यांना एवढं लख्ख दिसत होतं, की समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर लिहिलेलं नाव त्यांनी एकदा वाचून दाखवलं. त्यालाही तिनं "हं" म्हटलं.

अठ्ठावीस दिवस संपले. ती फेअर वही घेऊन चिठ्ठ्या उतरवायला बसली. पहिल्या बऱ्या होत्या. मग एक आली, "सकाळी ९ वाजून १० मिनिटं. पश्चिमेला. अर्धा, फिकट." पुढची तशीच. त्याच्या पुढची तशीच. पाच दिवस, पाच चिठ्ठ्या, सगळ्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या.

मास्तरिणीला हसू आलं. दिवसा सूर्य, रात्री चंद्र, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. बाबा पलीकडच्या खोलीतच होते. एक हाक मारून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की नऊ वाजता डोळ्यांत थेंब घालतो, दहा मिनिटं मिटून पडतो, मग उठून गच्चीत जातो, म्हणून रोज तीच वेळ. पण चुकलेल्याला विचारायचं कशाला? तिनं पाचही ठिकाणी "सकाळी" काढून "रात्री" लिहिलं आणि चिठ्ठ्या केराच्या डब्यात टाकल्या.

वर्गात मॅडमनी सगळ्यांची पानं भिंतीवर तारखेप्रमाणे लावली. त्या पाच दिवसांपुढे बऱ्याच जणींनी "दिसला नाही" लिहिलं होतं. जाड चष्मेवालीसकट तिघींनी सकाळ लिहिली होती. रात्री नऊ वाजून दहा मिनिटं फक्त एकीची.

"हे कुणाचं?" मॅडम म्हणाल्या. "या पाचही दिवशी रात्री नऊला चंद्र उगवलेलाच नव्हता. मग दिसला कसा?"

पस्तीस जणी वळून बघायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा हिचं चुकलं होतं आणि तेही भिंतीवर. तोंडातून जे निघालं ते इतकं सफाईदार होतं, की तिचं तिलाच नवल वाटलं. "मॅडम, खरं सांगायचं तर मला वेळ नव्हता, ते दिवस माझ्या बाबांनी बघितलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. अजून नजर फसते त्यांची."

म्हणजे थोडा गुन्हा कबूल केला आणि मोठा बापाच्या डोळ्यावर ढकलला. मॅडमचा चेहरा निवळला. "असू दे," त्या म्हणाल्या. "या वयात त्यांनी एवढं केलं हेच खूप."

मग खिडक्यांवर काळे कागद लावून वर्गात अंधार केला. मधोमध एक बल्ब, तो सूर्य. प्रत्येकीच्या हातात पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला पांढरा गोळा, तो चंद्र. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी आणि नाक म्हणजे आपण उभे आहोत ती जागा, डावा कान पूर्व, उजवा कान पश्चिम. मॅडम सांगतील तसं सगळ्या जणी हात लांब धरून वळू लागल्या. "गोळा अर्धा उजळला? आता हात हलवू नका, फक्त मान वळवा. नाक बल्ब आणि गोळ्याच्या बरोबर मध्ये आणा."

मास्तरिणीनं आणलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बल्ब, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अर्धा उजळलेला गोळा. दोन्ही एकाच वेळी दिसत होते.

"किती वाजले?" मॅडमनी विचारलं.

"सूर्य पूर्वेला अर्धा चढलाय, म्हणजे सकाळचे नऊ," जाड चष्मेवाली म्हणाली. "आणि चंद्र पश्चिमेला."

मास्तरिणीचा हात तसाच राहिला. तिच्याच हातानं तिला दाखवलं होतं, पुस्तकानं नव्हे. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचा चेहरा सगळ्यांनी बघितला असता. आत्ता तोंड उघडायचं, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात कुणीतरी खिडकीवरचा कागद काढला आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

पंधरा दिवसांनी कॉलेजात पालकांना बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ती म्हणाली, "तुम्ही कशाला जिने चढता?" ते म्हणाले, "अगं, माझंही काम लागलंय ना भिंतीवर."

मॅडम आपणहून पुढे आल्या. "काका, तुम्ही खरंच कष्ट घेतलेत. त्या पाच दिवसांचं मनाला लावून घेऊ नका. ऑपरेशननंतर नजर थोडी फसतेच."

बाबांना काही समजलं नाही. ते भिंतीजवळ गेले, चष्मा वर केला आणि एकेक ओळ वाचली. अक्षर पोरीचं. वेळ त्यांची. शब्द मात्र "रात्री". त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. ती आपली नखं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते ती बोलली नाही.

"हो मॅडम," बाबा म्हणाले. "चुकलं असेल माझंच. वय झालं आता."

घरी येताना ती वाट बघत होती, आता रागावतील, मग रागावतील. निम्म्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "मी सकाळ लिहिली होती ना गं?"

तिनं मान हलवली.

"आणि तू बदललंस."

पुन्हा मान हलवली.

"बरं केलंस. नाहीतर तुझं हसं झालं असतं." मग म्हणाले, "मला अगदी लख्ख दिसला होता पण. काय सांगावं, नवीन डोळा आहे."

दोन महिने पूर्ण झाले तो दिवस आला आणि गेला. दुकान उघडलं नाही. एक जुनं गिऱ्हाईक वडिलांचं घड्याळ घेऊन थेट घरी आलं, त्याला बाबांनी दारातूनच परत पाठवलं. "नजरेचा भरवसा राहिला नाही हो. उगाच एखादा स्क्रू हरवायचा." हे ऐकलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. हातातलं भांडं तिनं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर आली.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. चंद्र सकाळीच होता. मला माहीत नव्हतं, आणि मी मॅडमना सांगितलं की तुमचे डोळे फसतात."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस बाळ."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगितलं, डोळ्यांचं खोटं होतं, "रात्री" मी लिहिलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आम्हाला सांगून काय उपयोग? आमच्यापैकी कुणाचं दुकान बंद पडलं नाही."

आता सकाळचा चंद्र काही मागितला की मिळत नाही. तो यायला तिला अकरा दिवस वाट बघावी लागली. बाराव्या दिवशी बाबांच्या डोळ्यांत तिनंच थेंब घातले, दहा मिनिटं थांबली आणि हाताला धरून त्यांना गच्चीत नेलं. पश्चिमेला अर्धा फिकट चंद्र होता.

बाबांनी बराच वेळ वर बघितलं. मग हळूच विचारलं, "तुला दिसतोय?"

"दिसतोय बाबा."

"मग आहे," ते म्हणाले.

दुकान उघडलं त्यानंतर. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे, काटा सेकंदभर इकडचा तिकडे होत नाही. पण संध्याकाळी ती कॉलेजातून येताना दुकानावरून गेली, की बाबा तिला हाक मारतात. दुरुस्त झालेलं घड्याळ तिच्या तळहातावर ठेवतात, भिंग पुढे करतात. चाळीस वर्षं ज्यांनी कुणाला विचारलं नाही, ते गिऱ्हाइकासमोर विचारतात, "बघ गं, बरोबर बसलंय का सगळं?"

"मला यातलं काही कळत नाही बाबा," ती दर वेळी सांगते.

"कळतं गं तुला. बघ," बाबा म्हणतात, आणि ती सांगेपर्यंत घड्याळ गिऱ्हाइकाला देत नाहीत.