एकोणीस नावं

मी वत्सलाबाई. पाटोद्याकडच्या एका वाडीवर अंगणवाडीत मदतनीस हाय. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. आमच्या सेविका सुरेखाबाई. तालुक्याच्या बैठकीत त्यांचं जे कौतुक झालं, त्यानं माझं डोकं अजून तापलेलं हाय, म्हणून सांगते.

बारा वर्षं बाई राबल्या. पोर वाळलेलं दिसलं की दिवसातून तीनदा त्याच्या दारात. दिवाळीपर्यंत पोरं बाळसं धरायची. मग मुकादमाचा ट्रक यायचा आणि पंधरा-वीस पोरं आईबापासंगं ऊसतोडीला जायची. पाच महिने उसाच्या फडात काय खायची, देवाला ठाऊक. गुढीपाडव्याला आली की नुसती हाडं. बाई वजन करायच्या, सरकारी फोनात भरायच्या, आणि फोन लाल दाखवायचा. लाल म्हंजी कुपोषित. लाल म्हंजी बाई नालायक.

गेल्या साली नोटीस आली. सुधारणा न्हाई झाली तर घरी बसा. बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच जिवावर. आन तालुक्यात पहिला नंबर कुणाचा, तर शहरातल्या अंगणवाडीचा. तिथली पोरं कुटं फडात जातेत? मी सुपरवायझर मॅडमला तोंडावर म्हणले, "फडात पोरं सुकतेत, त्याचं खापर आमच्या बाईवर का म्हून फोडता?"

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "जी पोरं गावात नाहीत त्यांची नावं कमी करा. मला वर आकडा दाखवावा लागतो."

या दिवाळीला ट्रक हलला आणि बाईंनी गेलेल्या पोरांची एकोणीस नावं फोनातून काढली. मी त्यांनाही लई बोलले.

पाडव्याला पोरं आली, ताटल्या घेऊन दारात बसली. नाव न्हाई तर धान्य न्हाई. मॅडमचा निरोप आला, बैठक होईस्तोवर परत नावं घालू नका, आकडा बिघडेल. मी एकतीस पोरांची खिचडी पन्नासांत वाटली. बाईंच्यानं तिकडं बघवंना.

बैठकीला बाईंनी मलाही नेलं. तालुक्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना शाल दिली. "यांच्याकडं एकही लाल नाही. कसं जमवलं, सगळ्यांना सांगा."

बाई माईकपुढं उभ्या राहिल्या. "काय जमवलं न्हाई, साहेब. एकोणीस पोरांची नावं काढली. ती आत्ता माझ्या दारात अर्धपोटी बसलीत."

गेली बाईंची नोकरी, मी मनात म्हणले. साहेबांनी घड्याळ बघितलं, "छान, नोंदी अशाच चोख ठेवा" म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या.

जेवणाच्या रांगेत दुसऱ्या गावच्या चार सेविका बाईंभोवती गोळा झाल्या. मला वाटलं, धीर द्यायला आल्यात. एकीनं आपला फोन पुढं केला. "ताई, ते नाव कुटून काढायचं, जरा दाखवा ना."

बाईंनी फोन हातात घेतला आणि दाखवलं.