साडूंची पुस्तकातली माणसं

पुस्तकातल्या माणसांसाठी देवाला नवस बोलणारा वाचक साऱ्या मुंबईत एकच असेल, आणि ते माझे साडू आहेत. राहायला प्रभादेवीला, त्यामुळे बाप्पाही हाकेच्या अंतरावर. दादरच्या लायब्ररीतून पुस्तक घेतानाच ते काउंटरवरच्या बाईंना दबक्या आवाजात विचारतात, "यात कुणी जात नाही ना?" बाई नुसत्या हसतात आणि हे धाकधुकीतच घरी येतात. समुद्रात भरकटलेल्या खलाशाची हकिकत वाचली, त्या आठवड्यात घरातली पातेली, बादल्या, पिंप, सगळं काठोकाठ भरून ठेवलं होतं. एकदा कादंबरीतली मुलगी घर सोडून निघाली आणि नेमकं तिथेच प्रकरण संपलं. पान उलटायच्या आधी साडू चपला घालून देवळात. मी म्हटलं, "अहो, पुस्तक छापून झालंय. आता बाप्पा तरी काय करणार?" ते शांतपणे म्हणाले, "छापून झालंय हो, पण मी अजून वाचलेलं नाही ना." मुलगी सुखरूप परतली. साडूंनी "एका मुलीचं चांगलं झालं" एवढंच सांगत मजल्यावर मोदक वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारणी ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या मोठ्या मेव्हणीला, विचारू लागल्या, मुलीचं कुठे जमलं? ताईंना एकच मुलगा, तोही बंगळुरूला.

असा हा माणूस, आणि गेल्या महिन्यात ताईंची बायपास ठरली. आम्हाला ताईंइतकीच यांचीही धास्ती. परळच्या एका हॉस्पिटलात ताईंना आत नेलं, तेव्हा मी यांच्यासाठी मुद्दाम वर्तमानपत्र नेलं होतं, कारण त्यातलं हल्ली कुणी मनाला लावून घेत नाही. पण यांच्या पिशवीत पुस्तक होतंच, मध्यावर खूण घातलेलं. ते उघडत मात्र नव्हते. ऑपरेशन थिएटरचं दार हललं की उभे राहत, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसत. शेवटी पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "यातली आई फार आजारी आहे. मला पुढे वाचवत नाही. जरा बघून सांगता?"

मी खुणेपासून वाचू लागलो. चारच पानांत ती गेली. लेखकाला जराही दयामाया नव्हती. साडू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "बरी होते. घरी येते."

"खरंच?"

"हो. नातवाच्या मुंजीतसुद्धा असते."

"हिंडतेफिरते?"

"पंगतीत वाढते."

"परत सांगा," ते म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि सकाळपासून पहिल्यांदा चहा घेतला.

ताई सुखरूप घरी आल्या. परवा त्यांना भेटायला गेलो, तेव्हा साडू औषधं आणायला खाली गेले होते. तेच पुस्तक टेबलावर दिसलं. मी हळूच म्हटलं, "ताई, हे आजच परत पाठवा. यातली आई जाते. त्यांनी पुढे वाचलं तर उगाच मनाला लावून घेतील."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वाचलं तर? अहो, गणपतीत वाचून झालंय त्यांचं. दोन दिवस धड जेवले नव्हते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जाऊन तेच पुन्हा घेऊन आले. कशाला, कुणास ठाऊक."

मी एवढे दिवस त्यांना सांभाळल्याच्या तोऱ्यात होतो. तेवढ्यात दार उघडून साडू आत आले, औषधांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "चहा टाकतो, घेणार ना?" मी "हो" म्हटलं आणि कप काढायला त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.