पाच टक्क्यांची पाटी

पेट्रोल पंपावर नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. टाकीचं झाकण उघडलं की गिऱ्हाईक तोंडही उघडतं! आमच्या तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या पंपावर मी ऐन उमेदीची पंधरा वर्षं मॅनेजर होतो. त्या दिवसांची आठवण आली की अजून जीव तुटतो बघा.

* * *

आमचा पेट्रोल भरणारा कोंडिबा. चौथी पास, पण अक्षर मोत्यासारखं. रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत पट्टी बुडवून पाणी तपासणार, मगच चहा. नव्वदच्या सुमारास लोकांना भेसळीची फार धास्ती. कुणी शंका काढली की कोंडिबा कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. थेंब उडून गेला, डाग राहिला नाही, की माल चोख.

साखऱ्याचे एक गुरुजी शाळेत रोज उशिरा पोचायचे आणि गाडी बंद पडली म्हणून दोष पेट्रोलवर ढकलायचे. कोंडिबानं त्यांना थेंब टाकून दाखवला. डाग नाही!

गुरुजींचा चेहरा पडला. "म्हंजे पेट्रोल चांगलं हाय? आता हेडमास्तरला काय सांगू?"

* * *

पुढं पेट्रोलमधे इथेनॉल मिसळायचं आलं. लोकांना दिसेल असं लिहा, असा वरून हुकूम आला. कोंडिबानं स्वतः रंगवून पाटी लावली, 'इथेनॉल मिश्रित पेट्रोल. पाच टक्के.'

झालं! पाटी वाचून लोक गाड्या वळवायला लागले.

"इतके दिवस चोरून भेसळ करत व्हते, आता पाटी लावून करून राहिले!"

* * *

लूनावाले सखारामकाका तेवढे थांबले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी दारू सोडलेली. कोंडिबानं समजावलं, "काका, हे उसाच्या मळीपासून बनतंय."

"मळीची तर दारू व्हती!"

"व्हय, त्याच जातीचं हाय."

काकांनी लूनाकडं बघून कपाळावर हात मारला. "म्या सोडली अन् हिनं धरली!"

* * *

विक्री निम्म्यावर आली. मालक भडकले.

"पाटी काढ, कोंडिबा! पलीकडच्या पंपावर पाटी न्हाई, तिथं रांग हाय."

"तिथंबी इथेनॉल हायेच मालक. फकस्त लिवलेलं न्हाई."

"पाटी राहील न्हाईतर तू!"

कोंडिबानं नोझल जागेवर अडकवलं, पट्टी पुसून ठेवली, डबा उचलला आणि चालू लागला. त्याची वीस वर्षांची नोकरी गेली. मी मालकाशी बोलायला हवं होतं. हिशेबाच्या वहीत डोकं खुपसून बसलो, त्याची लाज अजून वाटते.

* * *

चार-सहा महिन्यांनी गोरेगावच्या बाजारात कोंडिबा दिसला. सायकलला दुधाचा कॅन. म्हशी घेतल्या होत्या म्हणे. जवळ गेलो तर कॅनवर पांढऱ्या पेंटनं तेच मोत्यासारखं अक्षर, 'पाणी मिश्रित दूध. दहा टक्के.'

"अरे बाबा, हे वाचून कोण घेईल तुझं दूध?"

त्यानं कॅन उलटा करून दाखवला. आत थेंब नव्हता.

"मग पाणी तरी काहून घालतोस?"

"पाणी घरची घालती, साहेब. म्या फकस्त लिवतो!"