पाच वाट्या मुगाच्या

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत गोकुळाष्टमीला दुपारभर चिंचोक्यांचा पट रंगतो. फोडलेले चार चिंचोके, एक बाजू पांढरी, एक काळी. टाकले की जितके पांढरे वर, तितकी घरं गोटी पुढे. सगळे काळे पडले तर आठ. दुसऱ्याच्या गोटीच्या घरात बरोब्बर जाऊन बसलं की ती गोटी मेली. एवढाच खेळ, पण त्यावरून बायका अशा भांडतात की विचारू नका!

माझी शेजारीण सत्यभामा साताऱ्याकडची. नवरा मानसिंग मार्केटात माथाडी. बाई कामाला वाघ, पण पटात कायम हरायची. तिच्या जोडीला जी बसेल तीही हरायची. झालं, नाव पडलं: पनवती.

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. पण यंदा अष्टमीच्या आधी सोसायटीतल्या अक्षताच्या डोहाळजेवणाचं बोलणं निघालं आणि पटात सगळ्यांना हरवणाऱ्या जयमालाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पहिली ओटी सत्यभामेनं नको हं भरायला. तिचा हात बरा नाही." माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तर सत्यभामेनं माझा पदर ओढला. घरी आली, चिंचोके काढले आणि म्हणाली, "सुनयना, बघूच गं आता, माजा हात खरंच वंगाळ हाय का."

तिनं पाच वाट्या मांडल्या. एकाची, दोनाची, तिनाची, चाराची, आठाची. जे दान पडेल त्या वाटीत मुगाचा एक दाणा. रोज दुपारी हाच उद्योग. दोनाची वाटी सगळ्यात भरली. एकाची आणि तिनाची तिच्या खालोखाल. चार नि आठाच्या वाट्यांचा तर तळसुद्धा झाकला नाही. मग नव्या वाट्या मांडून तिनं मला टाकायला बसवलं, मानसिंगभाऊजींनाही. तिघांच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. थोडंफार इकडेतिकडे, पण भरल्या तशाच!

"म्हंजे हात न्हवंच," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग स्वतःवरच चिडली. "मी येडी! आठाची वाट बघत बसायची, आन् गोटी नेमकी दुसऱ्याच्या दोन घरं म्होरं उघडी टाकायची. मारणार न्हाईत तर काय!"

अष्टमीला आम्ही दोघी जोडीला बसलो, समोर जयमालाताई. शेवटी शेवटी आमच्या दोन गोट्या उरल्या. पुढची फुलीच्या घरात, तिथे मार नाही. सत्यभामेला एक पडला. "पुढची घे, पुढची!" सगळ्या ओरडल्या. घेतली असती तर ती फुली सोडून जयमालाताईंच्या गोटीपुढे बरोब्बर दोन घरांवर आली असती. तिनं मागची सरकवली. "घाबरली गं!" कुणीतरी खिदळलं. जयमालाताईंनी चिंचोके कपाळाला लावले, फुंकर मारली, टाकले. दोन! गोटी रिकाम्या घरात जाऊन बसली. मी तर मांडीवर थापच मारली.

पुढे आमची एक गोटी घरी गेली, दुसरी घरापासून दोनावर येऊन थांबली. जयमालाताईंना जिंकायला आठ हवे होते. आता मलाच टेन्शन आलं. दोन पडतीलच असं थोडंच आहे? सत्यभामेला पडले तीन; घरी जायला नेमकंच दान लागतं, म्हणून फुकट गेले.

"पडली बघ पनवती," जयमालाताई म्हणाल्या.

"तिनाच्या वाटीतबी मूग हाईतच की," सत्यभामा शांतपणे म्हणाली. कुणाला काही कळलं नाही. जयमालाताईंना एक पडला. सत्यभामेनं ना फुंकर मारली, ना देवाला हाक. नुसते टाकले. दोन!

मी अशी किंचाळले की वॉचमन धावत आला. जयमालाताई गोट्या गोळा करू लागल्या. तेवढ्यात अक्षता पोट सांभाळत उठली आणि सत्यभामेसमोर येऊन बसली. "काकू, रविवारी पहिली ओटी तुमीच भरायची."

सत्यभामा हसली. "अगं, कुणाच्याबी हातानं भरली तरी ओटी सारखीच भरती. आता मला ठावं हाय." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पर भरणार मीच. पयली."