घाटउतार आणि लो गेअर

आमचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. काम रेशन पोहोचवण्याचं. सकाळी कॉन्व्हॉय निघायचा आणि अंधाराच्या आत खाली यायचा. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात नोकरीभर गेअर लिव्हर होता.

नाईक दशरथ माझ्याच प्लाटूनमध्ये ड्रायव्हर होता. मी नेकनूरचा, तो चौसाळ्याचा. भरतीआधी तो मांजरसुंब्याच्या घाटात काळी-पिवळी जीप चालवायचा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची ही आमच्याकडची रीतच. इंजिन सुटं होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी दशरथची ही सवय पहिल्याच महिन्यात मोडली. त्यासाठी त्याने ग्राउंडला रायफल डोक्यावर धरून बऱ्याच चकरा मारल्या. पुन्हा कधी त्याने उतारावर न्यूट्रल केली नाही.

त्या दिवशी आमचा ट्रक कॉन्व्हॉयच्या शेवटी होता. दशरथ चालवत होता, मी को-ड्रायव्हर, वायरलेस सेट माझ्याजवळ. उतारावर ब्रेकच्या एअर प्रेशरचा काटा खाली आला. दशरथने पेडल दाबलं. काही झालं नाही. हँडब्रेकनेही गाडी धरली नाही.

"सुदाम, ब्रेक गेला."

मी सेट उचलला. "टेल टू लीड. ब्रेक फेल. ओव्हर."

"लीड टू टेल. गेअर डाउन करा. डोंगराला लावा. ओव्हर."

दशरथ आधीच कामाला लागला होता. आमच्या ट्रकला खालचा गेअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, लिव्हर मधे आणा, क्लच सोडून रेस द्या, पुन्हा क्लच दाबून गेअर घ्या. चुकलं तर लिव्हर आत जात नाही आणि गाडी मोकाट सुटते. त्याने थर्ड घेतला. मग सेकंड घेतला. इंजिन किंचाळलं, वेग उतरला, पण ट्रक थांबला नाही. पुढच्या वळणावर आमच्याच गाड्या दिसत होत्या. डोंगर त्याच्या बाजूला होता, दरी माझ्या.

"धरून बस," म्हणाला, आणि स्टिअरिंग स्वतःकडे ओढलं.

दशरथ जागीच गेला. माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्या गाड्यांतल्या कुणाला खरचटलंही नाही.

पेन्शन घेऊन गावी आल्यावर मी दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरायला लागलो. क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, आणि हाफ क्लच कुठे लागतो हे कृत्रिम पायाला कळत नाही. परवा मुलीने ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. या गाडीला क्लचच नाही. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळतो, डाव्याला काही काम नाही. गॅरेजवाले गफूरभाई बघायला आले.

"हवालदार, गेअर टाकायचाच न्हाई तर तुमाला डायवर कावून म्हनायचं?"

"पगार बंद झालाय गफूरभाई. काहीही म्हणा."

तोंडाने असं म्हणालो, पण स्टिअरिंगवर बसलो तेव्हा मला फार आनंद झाला.

दशरथच्या आईला, भागूमायला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला न्यायचं होतं. मीच नेतो म्हटलं. मी तिच्याकडे दर दिवाळीला जातो. ती जेवू घालते, पाऊसपाण्याचं बोलते. अपघाताचा विषय तिने कधी काढला नव्हता. मांजरसुंबा मागे पडलं, घाटाचा उतार लागला, तसं तिने दाराचं हँडल घट्ट धरलं.

"सुदाम, न्यूट्रल नको करू बाबा."

"नाही करत, माय."

थोडं खाली आल्यावर ती पुन्हा बोलली. "आमचा दशरथ त्यानंच गेला म्हनत्यात समदे. जीपवर असल्यापसून लई सवय होती त्याला. मी कुनाला इचारलं न्हाई. खरं हाय का?"

हे बोलणं तिच्या कानावर गेलंय, हे मला ठाऊक नव्हतं. मला बोलणाऱ्यांचा राग आला. गाडी 'डी'मध्ये होती आणि वेग धरत होती. मी लिव्हर 'एल'वर घेतला. इंजिनचा आवाज चढला आणि कुणी मागून ओढावं तशी गाडी हळू झाली.

"माय, माझ्या पायाकडं बघ. ब्रेकवर पाय आहे का?"

तिने वाकून बघितलं. "न्हाई."

"इंजिन गाडी धरतंय. ही गाडी गेअर आपणहून बदलते, मी फक्त तिला खालच्या गेअरमध्ये राहा म्हणून सांगितलं. आमच्या ट्रकला ते हातापायानं करावं लागायचं. ब्रेक गेलेला असताना दशरथनं ते दोनदा केलं. एकदाही चुकला नाही."

"तू बगितलंस?"

"शेजारीच होतो. पत्रा कापून त्याला काढला, तेव्हाही लिव्हर सेकंडमध्ये होता."

घाट संपायच्या आधी मायने हँडल सोडलं.

बीडला दवाखान्यात नंबर लावून आम्ही बाकावर बसलो. शेजारच्या अनोळखी बाईने माझ्याकडे बघून मायला विचारलं, "लेक का?"

"न्हाई. लेकाचा दोस्त हाय. माझा दशरथ फौजेत डायवर होता. डोंगरात बिरेक गेलते गाडीचे."

"अगं माय," ती बाई म्हणाली.

भागूमायने पदर सारखा केला. "पन गाडी गेअरमधी होती बाई त्याची."